पाठीमागचा पडदा : समूहचित्रांच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण

यंदाच्या स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे निवडण्याचे काम संपादक मंडळाने आमच्याकडे सोपविले, तेव्हा हे काम फार तर दोन संध्याकाळींचे आहे अशी आमची समजूत होती. कार्यालयातील लाकडी कपाटातून मांजरपाटात बांधलेली गाठोडी निघाली. त्यांतील निम्मीअधिक चित्रे कसरीने व ओलीने नासलेली होती. उरलेल्यांतून दोन समूहचित्रे आम्ही टेबलावर शेजारी शेजारी मांडली.

पहिल्या चित्रात तेवीस गृहस्थ आहेत. डोक्यास पगड्या, खांद्यावर उपरणी, पुढच्या रांगेतील वडीलधाऱ्यांच्या हाती मुठीच्या काठ्या. मागे विस्तीर्ण सरोवर, सरोवरापलीकडे घुमटांचा प्रासाद आणि उजव्या अंगास फुलदाणी ठेवलेला दगडी कठडा. चित्र अत्यंत सुबक असून एकही चेहरा पुसट झालेला नाही. दुसरे चित्र तसे नाही. आपल्या वसतिगृहाच्या पायऱ्यांवर मंडळी दाटीवाटीने बसली आहेत. मागे गिलावा उडालेली भिंत, गजांची खिडकी आणि अर्धवट उघडे दार. पहिल्या चित्रास पूर्ण पान द्यावे व दुसरे वगळावे, असा आमचा निर्णय जवळजवळ झाला होता.

इतक्यात वार्षिक वर्गणी भरण्यास आलेल्या, नव्वदीच्या घरातील एका आजींची नजर त्या दुसऱ्या चित्राकडे गेली. चष्मा पुसून त्यांनी ते हाती घेतले, बराच वेळ न्याहाळले आणि त्या जे बोलल्या त्यामुळे आमचा निर्णय फिरला. त्यांचे बोलणे आम्ही लेखाच्या अखेरीस देऊ. मात्र तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मनात घर करून बसला. छायाचित्रात माणसांच्या पाठीमागे काय असावे, हे आजवर कोणी ठरविले आणि कशाकरिता ठरविले? या प्रश्नाचा माग काढता जो इतिहास हाती लागला, तो ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

छायाचित्रणकलेचे आणि रंगविलेल्या पडद्याचे नाते या कलेच्या जन्माइतकेच जुने आहे. ज्या लुई दागेर यांची छायाचित्रणाची रीत १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झाली, ते मूळचे रंगभूमीचे देखावे रंगविणारे चित्रकार होते. १८२२ पासून पॅरिसमध्ये त्यांचे ‘डायोरामा’ नावाचे प्रेक्षागृह चालत असे. भल्या मोठ्या पटावर रंगविलेल्या देखाव्यावर प्रकाश पालटून सकाळची संध्याकाळ करून दाखवावी आणि प्रेक्षकांनी थक्क व्हावे, असा तो खेळ होता. पुढे दोनच वर्षांनी, १८४१ साली, लंडनमधील आंत्वान क्लोदे या छायाचित्रकाराने माणसांच्या मागे रंगविलेले पडदे लावण्याच्या युक्तीचे एकस्व मिळविले. म्हणजे कॅमेरा पाळण्यात होता तेव्हाच पडदा त्याच्या पाठीशी येऊन उभा राहिला होता.

या पडद्याची गरज प्रथम व्यवहारातून निर्माण झाली. त्या काळी काचेस लावलेले रसायन प्रकाशास मंद दाद देई. चित्र उमटेपर्यंत कित्येक सेकंद निश्चल बसावे लागे. मान हलू नये म्हणून पाठीमागून लोखंडी टेकू लावीत. प्रकाशाकरिता छायाचित्रगृहाचे छप्पर काचेचे असे आणि भिंती उघड्याबोडक्या असत. त्या भिंती व तो टेकू झाकावा आणि चित्रास शोभा यावी, असे दुहेरी काम पडद्याने होई. पडदाही वाटेल त्या रंगाचा चालत नसे. त्या वेळच्या काचांवर निळा रंग पांढरा उतरे, तर तांबडा व पिवळा काळवंडे. म्हणून कसबी रंगारी पडदे राखी व तपकिरी छटांतच रंगवीत आणि प्रकाश पडून चकाकी येऊ नये यासाठी तेलरंग टाळून डिंक वा सरस घातलेले निस्तेज रंग वापरीत. आपल्या पणजींच्या चित्रांत कपाळीचे कुंकू काळे का दिसते, याचे उत्तरही याच गुणधर्मात आहे.

ही कला आपल्या मुंबईत फार लवकर आली. १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड हे तिच्या सभासदांपैकी एक असून त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे स्वतः उत्तम छायाचित्रकार होते. पुढल्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला आणि तेथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत आपला व्यवसाय थाटला. म्हणजे कॅमेरा धरणारे हात आरंभापासूनच काही अंशी एतद्देशीयांचेही होते. परंतु पाठीमागे काय दाखवावे हे ठरविण्याचा अधिकार मात्र तितक्या लवकर आपल्याकडे आला नाही.

याचे उत्तम उदाहरण विल्यम जॉन्सन नावाच्या मुंबईतील इंग्रज छायाचित्रकाराच्या ग्रंथात सापडते. मुंबईत राहणाऱ्या व येणाऱ्या निरनिराळ्या जातिजमातींच्या समूहचित्रांचा हा ग्रंथ लंडन येथे १८६३ व १८६६ साली दोन भागांत प्रसिद्ध झाला. प्रत्येक चित्राखाली ज्ञातीचे वा जमातीचे नाव आणि सोबत तिच्या चालीरीतींचे वर्णन. चित्रे प्रथमदर्शनी मोकळ्या हवेत घेतल्यासारखी वाटतात. वस्तुतः त्यांतील माणसे छायाचित्रगृहात बसवून टिपलेली आहेत आणि मागचे देखावे वेगळ्या ठिकाणी घेऊन त्यांस जोडलेले आहेत. ती माणसे त्या देखाव्यापुढे कधी उभीच राहिली नव्हती! ज्ञातीचे नाव कोणते छापावे, वेष कोणता दाखवावा आणि पाठीमागे कोणते मुंबईचे दृश्य चिकटवावे, हे सारे तिसऱ्याच माणसाने ठरविले होते. ज्यांचे चित्र, त्यांचा त्यात विचार घेण्याचे कारणच नव्हते.

याहून कठोर प्रकार १८६९ सालचा आहे. जे. एच. लॅम्प्रे नावाच्या इंग्रज गृहस्थाने मानववंशाच्या अभ्यासकांसाठी एक नवा पार्श्वपट सुचविला. लाकडी चौकटीवर रेशमी धागे ताणून दोन दोन इंचांचे चौकोन पाडावयाचे आणि त्यापुढे माणूस उभा करून त्याचे चित्र घ्यावयाचे. म्हणजे उंची, खांदे, हातपाय यांची मापे चित्रावरूनच मोजता येतात. पुढे १८९० नंतरच्या दशकात अंदमानात मॉरिस पोर्टमन या अधिकाऱ्याने तेथील आदिवासींची चित्रे अशाच चौकोनी पटापुढे घेतली. सरोवराचा पडदा माणसास खोटे वैभव देतो, हे खरे. पण चौकोनांचा पडदा त्याचे माणूसपणच काढून घेतो. पार्श्वपट ही निरुपद्रवी शोभेची वस्तू आहे असे ज्यास वाटत असेल, त्याने या दोन उदाहरणांचा अवश्य विचार करावा.

या पार्श्वभूमीवर आपल्या पूर्वजांनी स्वखुशीने निवडलेल्या सरोवराच्या पडद्याकडे पाहिले म्हणजे त्याचे हसू येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्याकडील शहरोशहरी छायाचित्रगृहे निघाली. राजा दीनदयाळ यांच्यासारख्या थोर कलावंताने १८९६ साली मुंबईत आपली शाखा उघडली. अशा गृहांत पडद्यांच्या गुंडाळ्या टांगलेल्या असत आणि गिऱ्हाईक आपल्या पसंतीचा पडदा सोडावयास सांगे. कचेरीत पंधरा रुपयांवर लेखणी झिजविणारा कारकून व घरचा सावकार हे दोघेही त्याच प्रासादापुढे, त्याच कठड्यास रेलून उभे राहत. प्रासाद दोघांचाही नव्हता. पण निवड मात्र त्यांची स्वतःची होती. आपण कोण आहोत हे दुसऱ्याने सांगण्याऐवजी, आपण कोण होऊ इच्छितो हे स्वतः सांगण्याची ती पहिली संधी होती.

हे पडदे रंगविणारे हात पुष्कळदा नाटकाचे पडदे रंगविणारेच असत. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ पुण्यास रंगभूमीवर आले आणि पुढील काळात नाटक मंडळ्यांमध्ये जंगल, राजवाडा, रस्ता, उद्यान अशा चित्रित पडद्यांची चढाओढ लागली. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांचेच चरित्र पाहावे. त्यांनी गोध्रा येथे छायाचित्रगृह चालविले. प्लेगच्या साथीत पत्नी व मूल गमावल्यावर बडोद्यास पुन्हा तो उद्योग आरंभिला. तेथे कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो अशी वदंता पसरून धंदा बसला, तेव्हा नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविण्याचे काम त्यांनी पत्करले. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर व त्यांचे बंधू आनंदराव हेही नाटकांच्या पडद्यांसाठी नावाजलेले होते आणि बाबूरावांनी पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली. नाटक, छायाचित्र व चित्रपट या तिन्ही कला एकाच रंगाऱ्याच्या कुंचल्याने जोडलेल्या होत्या, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

स्त्रियांचा प्रश्न निराळा होता. पुरुष छायाचित्रकारापुढे बसणे अनेक घराण्यांत निषिद्ध मानले जाई. दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेस स्त्रियांकरिता स्वतंत्र पडदानशीन छायाचित्रगृह काढून ते एका आंग्ल बाईंच्या हाती सोपविले होते. अशी सोय सर्वत्र कोठून असणार? आपल्या जुन्या समूहचित्रांत स्त्रिया जवळजवळ नाहीत, याचे हे एक कारण. दुसरे कारण आपण आपल्याशीच कबूल केले पाहिजे. त्यांस बोलावलेच जात नसे.

विसाव्या शतकाच्या आरंभी ज्ञातिसभांचे युग आले, तेव्हा ही पडद्याची व्यवस्था अपुरी पडू लागली. पंधरावीस माणसांचा पडदा दोनशे प्रतिनिधींना कसा पुरणार? शिवाय काचेच्या छपराखाली एवढी मंडळी मावणार कोठे? सभा-परिषदांचे समूहचित्र मोकळ्यावर घेण्याची रीत त्यापूर्वीच रुळू लागली होती. १८८५ च्या डिसेंबरात मुंबईस गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत राष्ट्रसभेचे पहिले अधिवेशन भरले, त्यास ७२ प्रतिनिधी होते. त्या प्रसंगाचे समूहचित्र आज पाठ्यपुस्तकांतून सर्वांच्या परिचयाचे आहे. पायऱ्या, ओटा, व्हरांडा अशी चढती जागा पाहावी, पुढे सतरंजीवर तरुण, मध्ये खुर्च्यांवर वडील, मागे उभे इतर, असा शिरस्ताच पडून गेला. आणि पाठीमागे, प्रथमच, खरी भिंत आली.

ही भिंत कोणाची? तेथेच आमच्या मते या इतिहासाचे मर्म आहे. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहावीत म्हणून जागा दिल्या, साहाय्य दिले आणि समाजधुरीणांना प्रवृत्त केले. अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या विद्यार्थ्यांसाठी १९०८ साली मिस क्लार्क वसतिगृह निघाले. हे वारे सबंध महाराष्ट्रभर पसरले. चार आणे, आठ आणे वर्गणी गोळा करून ठिकठिकाणच्या ज्ञातींनी विद्यार्थ्यांकरिता छपरे उभारली. ज्या पिढीचे वडील उसन्या प्रासादापुढे उभे राहिले, ती पिढी आता स्वतः बांधलेल्या चार खोल्यांपुढे बसली. त्या खोल्यांस घुमट नव्हते. पण ज्ञातीने परिश्रमपूर्वक उभे केलेले असे जे काही होते, ते प्रथमच पाठीमागे दिसू लागले.

पुढील काळ वाचकांच्या स्मरणातील आहे. मॅग्नेशियमची भुकटी पेटवून लख्ख उजेड पाडण्याची युक्ती १८८७ साली जर्मनीत निघाली होती. पुढे उजेडाचे दिवे आले आणि मंगल कार्यालयांच्या आत चित्रे निघू लागली. रंगीत पडदा छायाचित्रगृहांतून व जत्रांच्या तंबूंतून टिकला. ताजमहाल, मोटारगाडी, विमान यांच्या पडद्यांपुढे बसून आपल्यापैकी कित्येकांनी बालपणी चित्रे काढविली असतील. आता पडद्याची जागा छापील फलकाने घेतली आहे. आपल्या संमेलनांची गेल्या काही वर्षांची समूहचित्रे आम्ही काढून पाहिली. त्यांत मागे प्रचंड फलक, त्यावर देणगीदारांची व पदाधिकाऱ्यांची हसरी मुखे, शुभेच्छुकांची नावे, दुकानांची चिन्हे! पुढे बसलेल्या जिवंत माणसांपेक्षा मागे छापलेली मुखे मोठी. फलकाच्या गुळगुळीत पृष्ठभागावर दिव्याचा झोत पडून मध्येच पांढरा डाग उमटलेला, आणि नेमका तो एखाद्या आजोबांच्या डोक्यामागे.

यंदाच्या संमेलनात समूहचित्र कोठे घ्यावे, याविषयी कार्यकारी मंडळात तीन सूचना आल्या आहेत. पहिली नेहमीचा फलक लावण्याची. दुसरी, व्यासपीठावरील विजेच्या पडद्यावर एखाद्या किल्ल्याचे वा राजवाड्याचे दृश्य दाखवून त्यापुढे उभे राहण्याची. तिसरी, जुन्या वसतिगृहाच्या पायऱ्यांवर बसण्याची. त्या इमारतीच्या पुनर्बांधणीचा विचार चालू असल्याने ही संधी कदाचित अखेरचीच असेल. पहिल्या दोन सूचना करणाऱ्यांच्या हेतूविषयी आम्हास आदर आहे. तथापि फलक दुसऱ्या दिवशी उतरतो आणि विजेचा पडदा तर बटण दाबताच काळा होतो, शिवाय कॅमेऱ्यात त्यावर पट्टे उमटण्याची भीती असते ती वेगळीच. आमचे मत तिसऱ्या सूचनेस आहे.

त्यासाठी काही व्यावहारिक गोष्टी सांगणे अस्थानी होणार नाही. वेळ सकाळची वा उतरत्या उन्हाची, आणि सबंध मंडळी एकाच सावलीत असावी. अर्धी उन्हात व अर्धी सावलीत बसली तर चित्र फसलेच म्हणून समजावे. शेवटची रांग भिंतीस चिकटून न बसविता मध्ये चार-पाच हातांचे अंतर ठेवावे, म्हणजे भिंतीवर सावल्या पडत नाहीत. कोणाच्याही डोक्यातून खांब वा झाड उगवल्यासारखे दिसू नये. पांढऱ्या भिंतीपुढे पांढऱ्या टोप्या व पांढरे केस विरून जातात, याचे भान ठेवावे. फलक हवाच असेल तर संस्थेचे नाव, गाव व साल एवढेच लिहिलेली लहान पाटी पुढच्या रांगेच्या पायाशी ठेवावी. आणि चित्र हाती आल्यावर रांगेवार सर्वांची नावे त्याच आठवड्यात लिहून काढावी. हे काम पुढल्या वर्षावर टाकले की ते पुढल्या पिढीवर पडते.

आता त्या आजींचे बोलणे.

पहिल्या चित्रातील तेवीस गृहस्थांपैकी एकाचेही नाव आम्हास लागले नाही. गाव लागले नाही, साल लागले नाही. चित्रामागे काही लिहिलेले नाही आणि असे सरोवर असलेला वाडा आपल्या ज्ञातीत कोणाचाही नव्हता, एवढेच निश्चित सांगता येते. तेवीस सुस्पष्ट चेहरे, पण सारे अनोळखी.

दुसऱ्या चित्रातील पायऱ्या मात्र आजींनी क्षणात ओळखल्या. “ही आपल्या बोर्डिंगाची पायरी. ही खिडकी कोठीची. इथे गव्हाची पोती असायची,” त्या म्हणाल्या. मग त्यांचे बोट त्या अर्धवट उघड्या दारावर थांबले. दाराच्या अंधारात, चौकटीस हात टेकून, डोक्यावरून पदर घेतलेली एक स्त्री उभी आहे. आम्ही ते चित्र इतक्या वेळा पाहिले होते. आमच्या दृष्टीस ती पडलीच नव्हती.

“अहो, ही आमची आई,” आजी म्हणाल्या.

त्यांच्या मातोश्री अल्पवयात विधवा झालेल्या. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात त्यांनी पंधरा-सोळा वर्षे मुलांना रांधून घातले. चित्रातील खुर्च्यांवर जे आहेत त्यांची नावे अहवालांत आहेत, ज्यांना जेवू घातले ते विद्यार्थी पुढे वकील, डॉक्टर, अधिकारी झाले. या बाईंचे नाव आम्हास कोठल्याही अहवालात आढळले नाही. “चित्र काढायचं म्हणून सगळे बाहेर गेले. आईला कोण बोलावणार? तीच दारात येऊन उभी राहिली असेल बघायला,” एवढेच आजी बोलल्या. आईचे दुसरे छायाचित्र त्यांच्यापाशी नाही. त्यांनी आम्हास विचारले, “याची एक प्रत मिळेल का?”

त्या प्रश्नापुढे आम्ही निरुत्तर झालो. त्या दिवशी जर छायाचित्रकाराने पायऱ्यांवर सरोवराचा पडदा टांगला असता, तर ते दार झाकले गेले असते आणि दारातील बाईही. चित्र काढविणाऱ्यांनी तिला बोलावले नाही; केवळ खऱ्या भिंतीने, खऱ्या दाराने तिला जपून ठेवले. पार्श्वभूमी आपल्याहून अधिक प्रामाणिक ठरली.

म्हणून या स्मरणिकेत पूर्ण पान दुसऱ्या चित्रास दिले आहे. आजींना त्याची मोठी प्रत पोहोचती केली आहे आणि त्यांच्या संमतीने मातोश्रींचे नाव वसतिगृहाच्या सेवकवर्गाच्या यादीत नोंदविण्याचा ठराव मंडळापुढे ठेवला आहे. यंदा पायऱ्यांवर बसताना कार्यकारी मंडळास आमची एकच विनंती आहे. छायाचित्रकाराने ‘तयार’ म्हणण्यापूर्वी एकदा मागे वळून दारांकडे पाहावे. पंगतीची व्यवस्था पाहणाऱ्या, चहा करणाऱ्या, सतरंज्या अंथरणाऱ्या कोणी भगिनी वा बंधू तेथे उभे असतील, तर त्यांस हाक मारून पुढच्या रांगेत बसवावे. त्यांचे नाव रांगेवार यादीत लिहावे. पाठीमागे भिंत असावी, माणसे नसावीत. इत्यलम्.